मंदीच्या वाऱ्यात कोणते दुकान पडेल?
(ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग)



गेल्या महिन्यात आडसाली लागणीच्या नोंदी घेण्यासाठी मी गटागटाने फिरत होतो. एरवी बांधावर गेलो की प्रश्न ठरलेले असतात. बेणे कुठले घ्यावे, फुले २६५ लावावा की ८६०३२, खताचा दुसरा हप्ता कधी द्यावा, आणि यंदा पहिली उचल किती मिळणार. पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे मी देतो, चौथा प्रश्न आला की मोटारसायकलला किक मारतो. परंतु या खेपेला जिथे गेलो तिथे निराळाच प्रश्न निघाला. एका वयस्क सभासदांनी, त्यांना आपण नाना म्हणू, मला चहाला बसवून घेतले आणि म्हणाले, "साहेब, आपलं ग्राहक भांडार आता पाच बाजारगावी दुकानं काढतंय म्हणे. चालतील का ती? का दोन वर्षांनी शटर ओढतील?"

मी म्हणालो, "नाना, मी उसाचा माणूस. दुकानाचं मला काय कळतंय?"

त्यावर नाना म्हणाले, "श्रावणात नुसता फड बघून तुम्ही सांगता, हा ऊस लोळणार, हा उभा राहणार. मग दुकानाचं का नाही सांगता येणार? दुकानालाही मुळं असतीलच की."

नानांनी सहज विचारले, पण ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. सबब हा लेख. आरंभीच एक गोष्ट स्पष्ट करतो. मी कारखान्याचा नोकर आहे आणि भांडाराच्या शाखांचा प्रस्ताव संचालक मंडळाचा आहे. खाली लिहिले आहे ते माझे व्यक्तिगत मत आहे. ते छापण्याचा मोठेपणा संपादक मंडळाने दाखविला याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. शेवटी निर्णय वार्षिक सर्वसाधारण सभेत आपणच घ्यावयाचा आहे.

वाऱ्याला दोष कशाला?

हुमणी लागलेला फड आपण सर्वांनी पाहिला आहे. जूनच्या पहिल्या पावसानंतर भुंगेरे बाहेर पडतात, जमिनीत अंडी घालतात, आणि जुलैपासून अळी मुळे कुरतडू लागते. वरून बघावे तर ऊस हिरवागार. रस्त्याने जाणारा म्हणतो, काय फड आहे! पण बेटाला हात घालून ओढले तर सगळे बेट अलगद हातात येते. मग एखाद्या दिवशी वारा सुटतो आणि ऊस आडवा होतो. शेतकरी म्हणतो, वाऱ्याने पाडला. खरे पाहता वारा तर शेजारच्या फडालाही लागला होता. तो का नाही पडला?

बाजारातली मंदी म्हणजे हाच वारा. कांद्याचा भाव पडला, द्राक्षावर अवकाळी पाऊस झाला की आपल्या भागातल्या कापड दुकानापासून ट्रॅक्टरच्या शोरूमपर्यंत सगळीकडे माशा मारायची वेळ येते, हे आपण पाहतो. तसा वारा सगळ्या जगात २००८ साली सुटला, आणि पुन्हा २०२० साली करोनाच्या टाळेबंदीत सुटला. दोन्ही वेळेला नामवंत दुकाने पडली. दोन्ही वेळेला त्यांच्या शेजारची दुकाने उभीही राहिली. म्हणून कोण पडणार हे ओळखायचे असेल तर वारा मोजून उपयोग नाही. बेटाला हात घालून ओढून पाहिले पाहिजे.

नावाजलेली चार दुकाने

पहिले उदाहरण सुभिक्षा या नावाचे. १९९७ साली चेन्नईत किराणा आणि औषधांचे एक स्वस्त दुकान म्हणून याची सुरुवात झाली. पहिली आठ-नऊ वर्षे कारभार मुख्यतः तमिळनाडूत, दुकाने दीड-दोनशेच्या घरात. पुढच्या दोन-अडीच वर्षांत त्यांनी देशभर सुमारे १६०० दुकाने काढली. मोठमोठ्या लोकांनी त्यात पैसा घातला. आणि २००९ च्या आरंभी तिजोरी रिकामी झाली. माल देणाऱ्यांचे थकले, जागामालकांचे थकले, नोकरांचे पगार थकले. १६०० दुकाने बघता बघता बंद पडली. गिऱ्हाईक कमी झाले म्हणून बंद पडली असे नव्हे. फळीवर मालच येईना, मग गिऱ्हाईक तरी काय करणार?

दुसरे उदाहरण विलायतेचे. वूलवर्थ्स हे तिथले घराघरातले नाव. १९०९ साली पहिले दुकान निघाले, २००८ साली सुमारे ८०० दुकाने होती, आणि जानेवारी २००९ मध्ये शेवटचे दुकान बंद झाले. सुमारे २७,००० नोकर घरी बसले. शंभर वर्षांना एक वर्ष कमी होते. आता मूळ बघा. २००१ साली, त्यांच्या त्या वेळच्या मालक कंपनीने १८२ दुकानांच्या स्वतःच्या जागा विकल्या आणि त्याच जागा भाड्याने घेतल्या. म्हणजे वाडवडिलांची जमीन विकून तीच पुन्हा खंडाने करायची. त्यातून रोख रक्कम मिळाली, पण भाडे दरवर्षी वाढत गेले. २००८ साली माल पुरविणाऱ्यांच्या येणे रकमेचा विमा उतरविणाऱ्या कंपन्यांनी हात आखडता घेतला, तेव्हा पुरवठादार म्हणू लागले, आधी पैसे टाका, मग माल. तिथेच कंबर मोडली.

तिसरे विशाल मेगामार्ट. कापडाचा स्वस्त बाजार. २००७ साली त्यांचे शेअर बाजारात आले, दुकाने भराभर वाढली, त्याबरोबर कर्जही वाढले. मंदी आली, गोदामात माल साचला, आणि २०११ साली मूळ मालकाला धंदा दुसऱ्याच्या हाती द्यावा लागला. नवीन मालकांनी पसारा आवरला, धंदा सावरला, आणि डिसेंबर २०२४ मध्ये ते नाव पुन्हा शेअर बाजारात आले. पाटी राहिली, पण ज्याने उभे केले त्याच्या हातून गेले. हेही एक प्रकारचे पडणेच आहे. सहकारातल्या माणसांनी हा प्रकार नीट ध्यानात ठेवावा.

चौथे बिग बझार. २००१ साली सुरू झालेल्या या दुकानांनी मध्यमवर्गाला मॉलची सवय लावली. परंतु कर्जाचा बोजा डोक्यावर आधीपासूनच होता. तो हलका करण्यासाठी २०१२ सालीच त्यांना पँटलून ही कापडाची दुकाने बिर्ला समूहाला द्यावी लागली. २०२० च्या टाळेबंदीत विक्री थांबली, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सगळा धंदा २४,७१३ कोटी रुपयांना रिलायन्सला विकण्याचे ठरले, त्यावर ॲमेझॉनने हरकत घेतली आणि प्रकरण कोर्टात अडकले. या मधल्या काळात भाडे थकले. बऱ्याच दुकानांच्या जागांचे भाडेकरार रिलायन्सने आपल्या नावे करून घेतले होते. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्यांनी त्या दुकानांचा ताबा घेतला. जुलै २०२२ मध्ये बँक ऑफ इंडियाच्या अर्जावर ती कंपनी दिवाळखोरीच्या कारवाईत गेली. टाळेबंदी सर्वांनाच होती. पण ज्याच्या पायाखालची जागा दुसऱ्याची आणि गल्ल्यातला पैसा बँकेचा, तो आधी पडला.

खुणा कोणत्या?

या चार हकिकतींवरून मी माझ्या पद्धतीने काही खुणा काढल्या आहेत. मी ज्योतिषी नव्हे. पडणार कधी हे कोणालाच सांगता येत नाही. परंतु मूळ खाल्लेले आहे की नाही, हे या खुणांवरून कळते.

पहिली खूण, माल देणाऱ्याला पैसे किती दिवसांनी मिळतात? ही खूण आपल्याला कोणी शिकवायची गरज नाही. माझ्या वडिलांची दीड एकर द्राक्षबाग होती. एका वर्षी एक व्यापारी आला. पहिल्या गाडीला त्याने बागेतच नोटा मोजल्या. दुसऱ्या गाडीला चेक दिला, तो वटला. तिसऱ्या गाडीला म्हणाला, आठ दिवसांनी देतो. चौथ्या गाडीला भाव दोन रुपये जास्त बोलला आणि म्हणाला, सगळा हिशेब एकदम करू. वडील खूष झाले. आई म्हणाली, "जो पैसे देत नाही तोच भाव जास्त बोलतो." वडिलांनी ऐकले नाही. पाचव्या दिवशी व्यापाऱ्याच्या खोलीला कुलूप होते. नाशिक जिल्ह्यात द्राक्ष आणि कांदा करणाऱ्या घरात असा एखादा किस्सा सापडतोच. दुकानाचेही तसेच असते. पंधरा दिवसांचे तीस झाले, तिसाचे साठ झाले, की समजावे अळी मुळापर्यंत गेली.

दुसरी खूण, फळी बघा. पडणाऱ्या दुकानात एक चमत्कारिक दृश्य दिसते. साबण, तेल, साखर, चहा या रोज खपणाऱ्या वस्तू नाहीत, आणि न खपणारा माल मात्र ओळीने मांडून ठेवलेला. याचे कारण साधे आहे. रोज खपणारा माल रोख पैशाशिवाय येत नाही. न खपणारा माल पैसे देऊनही जात नाही.

तिसरी खूण, वाढ कशाच्या जोरावर? इथे जरा हिशेब समजून घेतला पाहिजे. किराणा दुकानदार आज माल उधारीवर आणतो, वीस दिवसांत रोखीने विकतो, आणि पुरवठादाराला महिन्याने पैसे देतो. म्हणजे दहा दिवस दुसऱ्याचा पैसा त्याच्या गल्ल्यात असतो. दर महिन्याला नवीन दुकान काढले तर दर महिन्याला असा नवा पैसा हाती येतो आणि नफाच झाला असे वाटते. ज्या दिवशी वाढ थांबते त्या दिवशी तो पैसा परत द्यावा लागतो, आणि तेव्हा कळते की तो नफा नव्हताच. नवीन पीककर्ज काढून जुने फेडायचे, असे आपण नवे-जुने करतो, त्याचाच हा मोठा भाऊ.

चौथी खूण, जागा कोणाची आणि व्याज किती? यासाठी एक कल्पित हिशेब मांडतो. महिना दहा लाख विक्रीचे दुकान धरा. शंभर रुपयांमागे बारा रुपये सुटतात असे धरू, म्हणजे १,२०,००० रुपये. त्यातून भाडे ३५,०००, पगार ४५,०००, वीज व वाहतूक १०,०००, घट-तूट विक्रीच्या एक टक्का म्हणजे १०,०००. उरले २०,०००. दहा लाखांचे कर्ज असेल तर बारा टक्क्यांनी महिन्याला १०,००० व्याज. हातात राहिले १०,०००. बरे चालले आहे असे आपण म्हणू.

आता मंदी आली आणि विक्री फक्त पाचवा हिस्सा घटली. विक्री आठ लाख, सुटले ९६,०००. घट-तूट ८,००० झाली, पण भाडे, पगार, वीज तेच, ९०,०००. म्हणजे व्याज देण्याआधीच २,००० तोटा, आणि व्याज धरून १२,००० तोटा. दर महिन्याला. हेच दुकान स्वतःच्या जागेत आणि बिनकर्जाचे असते तर त्याच मंदीत ३३,००० रुपये उरले असते. विक्री तीच, गिऱ्हाईक तेच, मंदी तीच. एक मेले आणि एक जगले. नानांच्या भाषेत, एकाला मुळे होती.

पाचवी खूण, गिऱ्हाइकाची उधारी. पडणाऱ्या छोट्या दुकानात ही सर्वांत आधी दिसते. वही जाड होत जाते आणि गल्ला पातळ. सहकाराच्या इतिहासात यावर फार मोलाचा धडा आहे. इंग्लंडमधील रॉचडेल गावच्या विणकरांनी १८४४ साली सहकारी दुकान काढले, ते आपण सहकार प्रशिक्षणात शिकतो. परंतु त्याच गावात १८३३ साली आधीचे एक दुकान निघाले होते आणि ते उधारीमुळे दोन वर्षांत बुडाले, हे फारसे कोणी सांगत नाही. १८४४ च्या विणकरांनी ते पाहिले होते. म्हणून त्यांनी नियमच केला, विक्री रोखीने, माल चोख, माप पुरे, आणि नफा खरेदीच्या प्रमाणात सभासदाला परत. भांडवल होते अवघे २८ पौंड. ते दुकान टिकले आणि जगभर पसरले.

उभे राहिले ते कसे?

आता दुसरी बाजू. नाशिकच्या डी-मार्टमध्ये महिन्याचा बाजार भरायला आपली पोरे-सुना जातात, त्यात लाजण्यासारखे काही नाही. त्या दुकानाची गोष्ट आपल्या उपयोगाची आहे. त्याचे मालक राधाकिशन दमाणी यांनी १९९९ च्या सुमारास नवी मुंबईत नेरूळ येथे अपना बाजारची एक शाखा चालवायला घेतली होती. अपना बाजार म्हणजे १९४८ साली मुंबईच्या नायगावात कामगारांनी काढलेले सहकारी ग्राहक भांडार. धंद्यातला पहिला अनुभव त्यांनी सहकाराच्या पाटीखाली घेतला. मग २००२ साली पवईला स्वतःचे दुकान काढले. पुढे पंधरा वर्षांनी, मार्च २०१७ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली तेव्हाही दुकाने १३० च्या आसपासच होती. सुभिक्षाने दोन-अडीच वर्षांत काढली त्याच्या दहावा हिस्साही नाहीत. जागा शक्यतो विकत घ्यायची, पुरवठादाराला इतरांपेक्षा लवकर पैसे द्यायचे आणि त्या बदल्यात भाव कमी करून घ्यायचा, आणि एक दुकान पायावर उभे राहिल्याशिवाय दुसऱ्याची घाई करायची नाही. यात कुठलेही गुपित नाही.

आणि अपना बाजार? त्याचा पूर्वीचा पसारा आज राहिलेला नाही. मुंबईचेच सहकारी भांडार पुढे रिलायन्सच्या व्यवस्थेखाली गेले. मला हे लिहिताना वाईट वाटते. आपल्या घरातला धडा दुसऱ्याने गिरवला आणि आपण विसरलो.

पण सहकारी दुकान चालतच नाही असे कोणी म्हणू नये. कोल्हापूरकडे वारणेला तात्यासाहेब कोरे यांनी कारखान्याच्या जोडीने १९७० च्या दशकात वारणा बाजार उभा केला. ऊस पिकवणाऱ्याच्या घरातली बाई हेच त्याचे गिऱ्हाईक. आधी मूळ गावात नीट रुजला, मग आजूबाजूला शाखा निघाल्या. क्रम तो आहे.

आपल्या जिल्ह्यापासून शिकू या

काही सभासद म्हणतील, दुकानाच्या गोष्टी कारखान्याच्या पत्रिकेत कशाला? तर आपल्याच जिल्ह्याकडे बघा. निफाडचा कारखाना, पळशाचा नाशिक कारखाना, देवळ्याकडचा वसाका, मालेगावचा गिरणा. एकेकाळी या चिमण्यांच्या धुरावर त्या भागातली लग्ने ठरत. निफाड आणि पळसे येथे अनेक हंगाम चाक फिरले नाही. वसाका दुसऱ्याला चालवायला द्यावा लागला. गिरणा तर २०१० साली कर्जवसुलीच्या लिलावात विकला गेला. दुष्काळ होता, ऊस कमी होता, साखरेला भाव नव्हता, हे सगळे खरे आहे. पण तो वारा होता. मुळाशी थकलेले कर्ज होते.

आणि तिथेही पहिली खूण तीच होती. कायद्याने ऊस गाळपाला दिल्यापासून १४ दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत. कुठल्याही कारखान्याचे १४ चे ४०, ४० चे ९० झाले की सभासदाने ताळेबंद मागवावा. दुकान आणि कारखाना यांत यंत्रांचा फरक आहे, दुखण्याचा नाही.

आपल्या भांडाराचे काय?

आता मुद्द्यावर येतो. प्रस्ताव असा आहे की पाच बाजारगावी एकाच वेळी शाखा काढाव्यात, जागा भाड्याने घ्याव्यात, आणि भांडवलासाठी कारखान्याच्या हमीवर कर्ज उचलावे. वर लिहिलेल्या खुणांशी हे ताडून पहा. वाढीचा वेग, भाड्याची जागा, कर्जाचा पैसा. पाचपैकी दोन खुणा, तिसरी आणि चौथी, फीत कापण्याआधीच हजर आहेत. पाचवी, म्हणजे उधारी, पहिल्या पोळ्यालाच येईल.

शाखांच्या बाजूने जे बोलतात त्यांचे म्हणणे मी नीट ऐकले आहे आणि ते उडवून लावण्यासारखे नाही. ते म्हणतात, लांबच्या गटातला सभासद भांडारासाठी पंधरा-वीस किलोमीटर येत नाही, मग तो सभासद काय कामाचा? ते म्हणतात, खत-औषधात भेसळ होते, तेलात मिसळ होते, आपले दुकान असेल तर माल चोख मिळेल. हे मला शंभर टक्के मान्य आहे. बोगस औषधाने जळालेले कोवळे कोंब मी या डोळ्यांनी पाहिले आहेत.

त्यांचा सर्वांत जोरदार मुद्दा तिसरा आहे. एक ताई मला म्हणाल्या, "साहेब, तुम्ही रोखीचं म्हणता. पण आमच्या हातात पैसा येतो वर्षातून एकदा, उसाचं बिल निघालं की. तोवर गावातला दुकानदारच सांभाळून घेतो. तुमचं भांडार सांभाळणार का?" या प्रश्नापुढे मी गप्प झालो. पगारदार माणसाला रोखीचा उपदेश करणे सोपे आहे. मला दर महिन्याला पगार मिळतो, त्यांना मिळत नाही.

बरेच दिवस विचार करून मला एक वाट सुचते. उधारी नंतर देण्याऐवजी ठेव आधी घ्यावी. ज्या सभासदाची इच्छा असेल त्याने उसाच्या बिलातून ठराविक रक्कम भांडाराच्या खात्यावर ठेवावी, आणि वर्षभर त्या रकमेपुरता माल कार्डावर न्यावा. यात सक्ती नसावी. ठेवीवर व्याजाइतकी सूट भावात द्यावी. म्हणजे भांडाराला बिनकर्जाचे भांडवल मिळेल, सभासदाला वर्षभर माल मिळेल, आणि वही जाड होणार नाही. पण एक अट पक्की हवी. हा पैसा फक्त माल आणण्यासाठी वापरला जावा. तो भाड्यात, फर्निचरमध्ये किंवा कारखान्याच्या दुसऱ्या खड्ड्यात गेला तर सभासदाची ठेवच बुडेल आणि उधारीपेक्षा वाईट होईल. या खात्याचा हिशेब दर तिमाहीला गट कार्यालयाच्या फळ्यावर लागला पाहिजे.

दुसरे असे की पाच शाखा एकदम नकोत. एकच काढावी, आणि ती कारखान्याच्या गट कार्यालयाच्या आपल्याच जागेत काढावी. दोन गट कार्यालयांच्या मागे रिकाम्या खोल्या पडून आहेत, त्यात आज जुन्या स्लिपांची पोती आणि उंदीर आहेत. दोन हंगाम ती शाखा चालवून बघावी. त्यात एक तरी हंगाम मंदीचा येईलच, आपल्याकडे तो यायला वेळ लागत नाही. तीत ती उभी राहिली तर दुसरी काढू. बेण्याचा प्लॉट केल्याशिवाय आपण नवीन जात साऱ्या शिवारात लावतो का? मग दुकान का लावावे?

या सूचनेने काही गावे नाराज होतील. "पहिली शाखा त्यांच्याच गावाला का?" हा प्रश्न सभेत नक्की निघेल आणि आवाज चढतील. चढू द्या. पाच गावांना खूष करण्यासाठी पाच दुकाने काढणे, हेही मूळ खाण्याचेच एक कारण आहे. वर सांगितलेल्या खाजगी दुकानांना तो रोग नव्हता, आपल्याला आहे, आणि तो कबूल केलेला बरा.

सभेत विचारायचे प्रश्न

वार्षिक सभेत आपण सहसा उसाच्या भावावर बोलतो आणि अहवालाची पाने उलटत नाही. यंदा भांडाराच्या पानावर थांबा आणि एवढेच विचारा. भांडार पुरवठादारांना सरासरी किती दिवसांनी पैसे देते, गेल्या वर्षी किती दिवसांनी देत होते? वर्षाअखेर शिल्लक मालापैकी सहा महिन्यांहून जुना किती? सभासदांकडे, आणि विशेषतः मोठ्या सभासदांकडे, उधारी किती थकली आहे? विक्री पाचवा हिस्सा घटली तर नवीन शाखेचा हिशेब कसा बसतो? आणि शाखा बुडाली तर हमीची रक्कम कोणाच्या उसातून वळती होणार?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मी आजच सांगतो. आपल्या.

परवा पुन्हा नानांच्या गटात गेलो होतो. त्यांना एवढे सगळे सांगितले. नानांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "म्हणजे दुकान काढू नका असं नाही. आधी हात घालून ओढून बघा, असं." मी म्हणालो, "अगदी तसंच." नाना उठले, शेजारच्या फडात शिरले, एका बेटाला हात घातला आणि जोराने ओढले. बेट हलले नाही. म्हणाले, "हे राहील."

आपल्या भांडाराविषयीही मला असेच म्हणता यावे, एवढीच इच्छा. चूकभूल द्यावी घ्यावी. ज्यांना माझे म्हणणे पटले नसेल त्यांनी गट कार्यालयात येऊन भांडावे किंवा पत्रिकेकडे लिहावे.

जय सहकार.

आपला नम्र,
ऊस विकास अधिकारी